पाण्याचा पेला डावीकडे

दाइ आणि भाउजू,

हाक तुमच्या भाषेतली, दादा-वहिनीला मारतात ती; पण हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. तुमची नेपाळी आणि आमची मराठी एकाच लिपीत लिहितात, त्यामुळे अक्षरं तुम्हाला वाचता येतील. अर्थ जिथे अडेल तिथे मी रविवारी समोर बसून हिंदीत सांगेन. पण माझ्या ज्या आईसाठी तुम्ही हे सगळं केलंत तिची भाषा मराठी आहे, आणि आता तिच्याच भाषेतले शब्द तिला सापडेनासे झालेत. म्हणून तिच्या वाटचं मी लिहिते. उघडपणे लिहिते, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही हात हलवून आत स्वयंपाकघरात निघून जाता.

सहा वर्षं झाली आम्ही तुमच्या हॉटेलात येतोय. घरापासून चालत सात मिनिटं. पाटीवर 'नेपाळी आणि भारतीय' असं लिहिलेलं. पहिले काही महिने आम्ही त्यातलं भारतीय तेवढंच खात होतो. मेनूकार्डाच्या पुढच्या पानांवर बटर चिकन, पालक पनीर, नान, म्हणजे परदेशात कुणालाही ठाऊक असतं ते. तुमचं स्वतःचं जेवण मात्र शेवटच्या पानावर: दालभात-तरकारी, मोमो, नूडल्सच्या रश्शाचं थुक्पा, आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं गुंद्रुक. एकदा भाउजूंनीच ते पान उलटून आमच्यासमोर धरलं. तुपात जिंबूची फोडणी दिलेली काळी डाळ आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली. हिमालयात उंचावर उगवणारी, कांद्या-लसणाच्या कुळातली ती वाळकी पात तुम्ही चिमटीत धरून लेकीला हुंगायला दिली होतीत. तेव्हा ती पाच वर्षांची होती. तेव्हापासून तुम्ही तिचे मामा. हा शब्द तुमच्या-आमच्यात सारखाच, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली आणि तिलाही आम्ही घेऊन आलो. हॉटेलातलं जेवण तिला कधीच फारसं आवडायचं नाही. तुम्ही मोमोबरोबर टोमॅटोचा अचार ठेवलात, तिनं तो बोटावर घेऊन चाटला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, यात तिरफळं आहेत." मी म्हटलं, नेपाळी जेवणात कुठली आलीत तिरफळं, ती आपण बांगड्याच्या तिखल्यात घालतो. तुम्ही काय चाललंय ते विचारलंत, आत गेलात आणि मूठभर टिमुर आणून तिच्या तळहातावर ठेवलंत. तशीच उकललेली बारीक फळं, जिभेला तशाच मुंग्या आणणारी. नंतर शोधून वाचलं तेव्हा कळलं की टिमुर आणि तिरफळ ही खरंच एकाच कुळातली झाडं आहेत, एक हिमालयातलं आणि एक आमच्या समुद्राकडच्या डोंगरांतलं. आईचं नाक चुकलं नव्हतं. त्या दिवसापासून तुमचं हॉटेल तिच्या लेखी हॉटेल राहिलं नाही. ती 'दाइकडे' जायची.

मग गेल्या फेब्रुवारीत तिला झटका आला.

दवाखान्याचं इथे सांगत बसत नाही. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला आणि त्यात उजवा हात गेला, बोलणं गेलं. चालणं हळूहळू परत आलं, पाय ओढत का होईना. तिला समजतं सगळं. आधी जितकं समजायचं तितकंच समजतं. शब्द तेवढे हाताला लागत नाहीत. 'पाणी' म्हणायचं असतं आणि भलतंच काहीतरी बाहेर पडतं, आणि भलतं बाहेर पडलं हेही तिला कळतं. त्यामुळे ती गप्प राहायला लागली. जन्मभर उजव्या हातानं जेवलेली, पंगती वाढलेली, पोरांच्या हातावर प्रसाद ठेवलेली बाई. तिला डाव्या हातात चमचा धरावा लागला. डाव्या हातानं जेवणं म्हणजे तिच्या पिढीला काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याकडेही तेच आहे.

एप्रिलमध्ये नवऱ्याच्या वाढदिवसाला आम्ही तिला एका मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणी जेवायला नेलं. नाव लिहीत नाही. तिथल्या वेटरनं आईच्या हातात मेनूकार्ड असताना माझ्याकडे बघून विचारलं, "या काय घेतील?" ती तिथेच होती. कार्डावरून बोट फिरवत होती, तिनं काहीतरी ठरवलंही होतं. मग जेवण आलं, सपाट, रुंद बशांमधून. तिच्या चमच्यातून डाळ आधी टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर सांडली, मग साडीवर. मॅनेजर आला. अगदी मऊ आवाजात म्हणाला की पुढच्या वेळी आधी कळवलंत तर आतल्या बाजूचं टेबल देता येईल, म्हणजे तुम्हालाही बरं आणि बाकीच्यांनाही. त्या 'बाकीच्यांनाही'वर आईनं मान खाली घातली. डाव्या हातानं साडीची निरी ओढून डाग झाकला आणि चमचा खाली ठेवला. त्यानंतर त्या रात्री ती जेवली नाही. तो माणूस ओरडला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढे दोन महिने ती घराबाहेर पडली नाही. जवळच्याच एका नातलगानं फोनवर सल्ला दिला, "आता तिला बाहेर कशाला न्यायचं? घरीच भरवा." भरवा! ज्या बाईनं स्वतःच्या हातानं निम्म्या खानदानाला जेवू घातलं तिला आता भरवायचं, कारण लोकांना बघवत नाही.

जूनमधल्या एका मंगळवारी आम्ही तुमच्याकडे आलो. मंगळवार मुद्दाम निवडला, गर्दी नसते म्हणून. आई तयार झाली ती फक्त नातीच्या हट्टामुळे. दारापर्यंत येऊन ती थांबली, मला वाटलं आता परत फिरणार. तेवढ्यात तुम्ही दार उघडलंत आणि नेहमीसारखे हात जोडून म्हणालात, "आमा, धेरै दिन भयो." खूप दिवस झाले. बस्स. काय झालं, कधी झालं, आता कसं आहे, डॉक्टर काय म्हणतात, यातलं एक अक्षर तुम्ही विचारलं नाहीत. त्या चार महिन्यांत आम्हाला भेटलेल्या प्रत्येकानं हे प्रश्न तिच्या डोक्यावरून मला विचारले होते. तुमच्या नमस्काराला उत्तर म्हणून तिनं डावा हात छातीशी नेला. तुम्ही पाहिलं असणार ते तेवढंच.

आम्ही खिडकीजवळ बसलो. तुम्ही पाणी घेऊन आलात. माझा पेला माझ्या उजवीकडे ठेवलात, नवऱ्याचा त्याच्या उजवीकडे, लेकीचा तिच्या उजवीकडे. आईचा डावीकडे. आमचे काठोकाठ, तिचा अर्धा भरलेला. तिचा चमचाही डावीकडे, दांडा तिच्याकडे वळवलेला. हे सगळं करताना तुम्ही नवऱ्याशी पावसाबद्दल बोलत होतात. मग शेजारच्या टेबलाची ऑर्डर घ्यायला गेलात. मागे वळून पाहिलंसुद्धा नाहीत.

आईनं पेल्याकडे पाहिलं. हात जरासा पुढे केला, आणि पेला हातात आला. टेबलावरून आडवा हात न्यावा लागला नाही. पेला ओढताना सांडेल म्हणून धसका घ्यावा लागला नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, माझ्याकडे बघावं लागलं नाही. ती पाणी प्यायली, पेला होता तिथे परत ठेवला, आणि खिडकीतून बाहेर बघत बसली, कुठल्याही टेबलावर कुणीही बसतं तशी.

दाइ, आता जे लिहिते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मी, तिची पोटची मुलगी, रोज दोन्ही वेळा तिच्या पानाच्या उजवीकडे पेला ठेवत होते. हाताला तीच सवय होती. मग ती माझ्याकडे बघायची, आणि मी तो उचलून तिच्या डाव्या हातात द्यायचे. दिवसातून पाच-सहा वेळा. मला वाटायचं, मी तिची सेवा करते आहे. त्या मंगळवारी तुमच्या टेबलावर बसून मला कळलं की मी पेला चुकीच्या बाजूला ठेवत होते म्हणून तिला पाणी मागावं लागत होतं. जिच्याकडे मागायला शब्दच उरले नव्हते तिला.

मी उठून हात धुवायला गेले आणि तिथे रडले. भाउजू, तुम्ही तेव्हा आतल्या दारातून जात होतात. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि पुढे गेलात.

त्या दिवशी मी दालभाताच्या चार थाळ्या सांगितल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "आज थाळ्या नाहीत, वाडग्यातून देतो. चालेल ना?" चौघांनाही सारखेच खोल वाडगे आले, उभ्या कडांचे, ज्यांच्या कडेला टेकवून एका हातानंही चमचा भरता येतो असे. भातावर डाळ आधीच ओतून कालवलेली, तरकारी बारीक केलेली, आणि तीही चौघांना सारखीच. पलीकडच्या टेबलावर पितळेच्या दोन थाळ्या चकाकत होत्या. आईच्या लक्षात आल्या की नाही ते मला माहीत नाही. माझ्या आल्या. इतकं देखणं खोटं मी दुसरं ऐकलेलं नाही.

तिचं काहीच सांडलं नाही, असं मी म्हणणार नाही. थोडं सांडलं. कुणी फडकं घेऊन धावत आलं नाही. आम्ही निघून गेल्यावर पुसलं असेल, सगळ्यांच्या टेबलांवरचं पुसतात तसं.

हे तुम्हाला कसं सुचलं, याचा मी खूप दिवस विचार करत होते. श्रावणात एकदा भाउजूंनी सांगितलं. तुमच्या वडिलांनाही असाच झटका आला होता, गावी, पोखऱ्याच्या वरच्या डोंगरात. तुम्ही तेव्हा आखातात कामाला होतात. रजा मिळाली ती तीन आठवड्यांची. त्या तीन आठवड्यांत तुम्ही वडिलांच्या शेजारी बसून त्यांचं जेवणं बघितलंत, काय अडतं, कुठे अडतं, आणि मग परत जावं लागलं. पुढे भेट झाली नाही. भाउजू हे सांगताना तुम्ही तंदूरजवळ होतात आणि पाठ वळवलीत. त्याबद्दल मी तुम्हाला आजवर काही विचारलं नाही, आजही विचारत नाही. पण मला एवढं माहीत आहे की तो पेला डावीकडे ठेवायला तुम्ही कुठे शिकलात, आणि किती महागात शिकलात.

पुढच्या वेळेपासून भाउजूंनी आईसाठी जाउलो करायला सुरुवात केली. मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावरही ते नाही. तांदूळ आणि डाळ एकत्र मऊ शिजवलेली, हळद, वरून तूप. नेपाळात आजारी माणसाला आणि लहान बाळाला देतात, असं तुम्ही सांगितलंत. आमच्याकडचा गुरगुट्या भात. पण आईला तो आजाऱ्याचा म्हणून कधी मिळाला नाही. बाजूला टिमुर घातलेला अचार असायचा, थेंबभर, वाडग्याच्या कडेला लावलेला. पथ्याच्या जेवणालाही चव लागते, हे भाउजूंना कुणी सांगावं लागलं नाही. दवाखान्यातून आम्हाला मऊ अन्नाची छापील यादी मिळाली होती. तीत सगळं होतं, आणि त्यातलं काहीही खावंसं वाटत नव्हतं.

आणि मग तो ऑगस्टमधला दिवस. भाउजू, तुम्ही हात पुसत बाहेर आलात, आईच्या शेजारी वाकलात आणि विचारलंत, "आमा, मिठो छ?" तुमच्या भाषेत मिठो म्हणजे चवदार. आईला ऐकू आलं ते 'मीठ'. तिनं चमचा थांबवला. जाउलो जिभेवर फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो मी लहानपणापासून बघत आलेय, चुलीपाशी उभं राहून पळीतलं तळहातावर घेऊन चाखतानाचा. आणि ती म्हणाली, "मीठ बरोबर आहे."

तीन शब्द. सलग, स्वच्छ, अर्थाचे. सहा महिन्यांत तिच्या तोंडून आलेलं पहिलं पूर्ण वाक्य. लेकीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. तिच्याकडून वाक्य बोलून घ्यायचा सराव आम्ही रोज घेत होतो. चित्रं दाखवायचो, हे काय, ते काय, आणि ती दमून तोंड फिरवायची. तुम्ही तिला विचारलंत ते परीक्षा म्हणून नव्हे. एका स्वयंपाक करणारीनं दुसरीला विचारलंत, आणि दुसरीनं उत्तर दिलं. भाउजू, तुम्हाला 'मीठ'चा आमच्याकडचा अर्थ तेव्हा माहीत नव्हता. मी सांगितल्यावर तुम्ही तोंडावर पदर घेतलात आणि खुर्चीतच बसून राहिलात.

मला या दिवसांत कळलं की माणसं दोन जातींची असतात, आणि त्या जातींचा पैशाशी, शिक्षणाशी, हॉटेलाच्या तारांकनाशी काही संबंध नाही. एकांना समोरच्याचं उणं दिसतं आणि ते त्याला एका बाजूला बसवू पाहतात. दुसऱ्यांना तेच उणं दिसतं आणि ते गुपचूप आपलं सामान थोडं हलवतात. आमच्या भागातल्या बसचा एक ड्रायव्हर आहे, आई बसेपर्यंत तो ब्रेकवरचा पाय काढत नाही; आरशात बघतो, मान हलवतो, मग निघतो. तळमजल्यावरच्या आजोबांनी जिन्याच्या डाव्या बाजूला कठडा बसवून घेतला आणि कुणी बसवला ते आम्हाला महिनाभर कळू दिलं नाही. अशी माणसं आधीपासून इथेच होती. मला ती दिसत नव्हती, तुमच्या त्या पेल्यानंतर दिसायला लागली.

आता दशैंचं, म्हणजे तुमच्या दसऱ्याचं सांगते, मग थांबते. दसऱ्यानंतरचा रविवार होता. तुमच्याकडे कपाळाला लावायची टीका एका दिवसात संपत नाही, दशमीपासून कोजागिरीच्या पौर्णिमेपर्यंत थोरामोठ्यांकडे जाऊन लावून घेतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. दुपारचं जेवण आटोपून तुम्ही बाहेरची पाटी फिरवलीत, आणि दोघंही नवे कपडे घालून आमच्या टेबलाशी आलात. भाउजूंच्या हातात ताट होतं. त्यात दही आणि लाल रंग कालवलेले तांदूळ, आणि घटस्थापनेला अंधारात पेरलेल्या जवाचे ते पिवळे, नाजूक कोंब, तुमचा जमरा. आमच्याकडेही घटात धान्य पेरतात, आणि ते दसऱ्याला टोपीत, पागोट्यात खोवतात. आईनं ते कोंब ओळखले. तुम्ही म्हणालात, "इथे आमचं वडीलधारं कुणी नाही. आमा, टीका लावा."

आईनं उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडलेला होता. मग डाव्या हाताकडे पाहिलं आणि तो मागे घेतला. डाव्या हातानं कुणाच्या कपाळाला कसं शिवायचं? तिनं मान हलवली, नाही नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आणि दाइ, तुम्ही गुडघे टेकून जमिनीवर बसलात, तिच्या डाव्या बाजूला. ताट तिच्या डाव्या हाताशी धरलंत, डोळे मिटलेत आणि कपाळ पुढे केलंत. तसेच थांबून राहिलात. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

तिनं लावली. तांदूळ तुमच्या नाकावरून खाली ओघळले, शर्टावर पडले. मग भाउजूंना लावली, मग जमरा तुमच्या दोघांच्या केसांत खोवला. आशीर्वादाचे शब्द तिला सापडले नाहीत. तिनं तुमच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ठेवूनच राहिली.

त्या रात्री घरी आल्यावर जेवताना लेक पानं घेत होती. मी स्वयंपाकघरातून बघत होते. आईचा पेला तिनं डावीकडे ठेवला, अर्धा भरून, आणि माझ्याशी शाळेचं काहीतरी बोलत राहिली.

दाइ, भाउजू, आम्ही या रविवारी येतोय. खिडकीजवळचं टेबल, चौघं. आईनं काल संध्याकाळी दाराकडे बोट दाखवून मला 'दाइ' म्हटलं, आणि मी होय म्हटल्यावर थोडा वेळ शब्द शोधून म्हणाली, "गुंद्रुक." जाउलो नको आहे तिला या वेळी. गुंद्रुक बारीक चिरून मऊ शिजवून ठेवाल का?

तुमची बहीण